दुसरी रेष

"बॅग मांडीवर घेऊ नकोस, खांद्याला अडकव," व्हॅन चालवता चालवता बस्वंतमामा म्हणाले. "मांडीवर बॅग घेतलेला माणूस विमा एजंट दिसतो."

"आणि खांद्याला अडकवलेला?"

"साहेब."

मी बॅग खांद्याला अडकवली. बसल्या जागी खांद्याला बॅग अडकवलेला माणूस साहेब नाही, पळून जायच्या तयारीतला दिसतो. पण मामांनी माझ्यासाठी आणलेलं हे सातवं की आठवं स्थळ होतं आणि आधीच्या सगळ्या स्थळांकडून नकार येण्यामागं माझं तोंड होतं. म्हणजे चेहरा नव्हे, चेहऱ्याला तर कोणी हरकत घेतली नव्हती. त्यातून जे बाहेर पडायचं ते.

"एक कर मन्मथ," मामा म्हणाले, "आज विनोद करू नकोस."

"बरं."

"आणि केलास तर निदान हसत कर. तू सुतकातल्या माणसासारखं तोंड करून बोलतोस. समोरच्याला कळत नाही, हसावं की पाणी द्यावं."

दिवस येळवशीचा होता. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या लातूर भागात गावंच्या गावं शेतात जातात. शहरातले रस्ते संचारबंदी लागल्यासारखे मोकळे पडतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारायची, कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, मग दिवसभर खायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊ घालायचं. शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवायचं आणि रात्रभर आंबू द्यायचं. त्या दिवशी शेजारच्या शेतातून ओळखीपाळखीशिवाय कोणीही येतो आणि तुमची आंबील पितो. तुम्हीही त्याच्याकडे जाऊन पिता. नको म्हणायची सोय नाही. आंबिलीला नको म्हणणं म्हणजे त्या घराशी सोयरीक नको म्हणण्यासारखं. आणि मी तर सोयरिकीसाठीच निघालो होतो.

शेत गुरुलिंगआप्पांचं. बाजार समितीच्या गोदामावर आयुष्य काढलेला माणूस. बायको मागं वारलेली, घरात एकुलती मुलगी, गिरिजा. गोदामात पोती उचलली की खाली सांडलेले दाणे आप्पा झाडून घेत, पाखडून घरी नेत. त्यांच्या ताटात उरलेलं शीत कोणी पाहिलं नव्हतं. हे मामांनी मला वाटेत गुण म्हणून सांगितलं.

आप्पा बांधावरच उभे होते. थंडी अशी होती की माझे दात वाजत होते, आणि आप्पांच्या कपाळावर घाम. एका हातात स्टीलचा थर्मास, दुसऱ्या हातात रुमाल. बोलायच्या आधी त्यांनी तोंड रुमालानं पुसलं.

"या, या. माफ करा, बोलणं बोबडं यायलंय. दात काढलेत सगळे. कवळी पुढच्या आठवड्यात. पाहुणे येणार म्हणून घाई केली, तर डाक्टर म्हणला हिरड्या वाळू द्या." ते बाजूला वळून थुंकले आणि त्यांनी पुन्हा तोंड पुसलं. "नुसती लाळ गळायलीय."

"घाम फार आलाय, आप्पा," मी म्हणालो.

"लेकीच्या बापाला येतोच."

मामा मोठ्यानं हसले. मीही मामांना दाखवण्यापुरता हसलो.

आप्पांनी थर्मासच्या झाकणात काहीतरी ओतून घेतलं आणि घोटभर प्यायले. "चहा," ते म्हणाले. "चावता येत नाही, त्यामुळं सकाळधरनं चहावरच आहे." उरलेलं त्यांनी पायाशी घोटाळणाऱ्या कुत्र्यापुढं धरलं. कुत्र्यानं झाकण चाटून पुसून लख्ख केलं.

"कुत्रं चहा पितं?" मी विचारलं.

"आमच्याकडं काही वाया जात नाही," आप्पा म्हणाले. "रॉकेट नाव त्याचं."

रॉकेट बांधाजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेलं आणि आडवं झालं. त्या नावाच्या मानानं फारच सावकाश गेलं.

कोपीशेजारी चुलीवर भज्जीचं पातेलं होतं आणि गिरिजा ते ढवळत होती. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं, बॅगेकडं दोनदा. आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमायला लागली होती. प्रत्येकाच्या हातात आपापला पेला. हेही इथलंच, पेला घरून आणायचा, म्हणजे यजमानाची भांडी अडत नाहीत.

"पाहुणे काय करत्यात?" एका जाड बाईंनी विचारलं. या महानंदाकाकू, शेजारच्या शेतातल्या.

"सायंटिस्ट आहे," मामा म्हणाले.

"धान्यात विष शोधतो," मी म्हणालो. "आज सुट्टी आहे, निवांत जेवा."

लोक हसले. मामांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी खरं तर सायंटिस्ट वगैरे नव्हतो. धान्य तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी ज्वारी दळून, बाटलीत हलवून, पट्टीवर थेंब टाकायचो आणि उत्तर साहेबांना सांगायचो. पण मामांनी बॅग आणायला लावली होती, आणि बॅग आणली की ती उघडायची वेळ येतेच.

"दाखवा की मग," आप्पा म्हणाले. "आमची पूजेची ज्वारी तपासा. गुरुलिंगाच्या घरचा दाणा कसा असतो, कळू द्या पंचक्रोशीला."

पूजा व्हायची होती. कोपीत पाच दगडांपुढं ज्वारीची छोटी रास मांडलेली होती. पांढरी स्वच्छ, एक खडा नाही. आप्पांनी त्यातली ओंजळभर मला दिली. दाणे हातातून पडू नयेत म्हणून त्यांनी दुसरा तळहात खाली धरला. दोन्ही हात थरथरत होते. मला वाटलं, माझ्या आईला हा माणूस आवडेल.

मी घोंगडीवर सगळं मांडलं. हातानं फिरवायची चक्की, छोटी बाटली, त्यातलं द्रावण, पाकिटातली पट्टी. गर्दी वाकली. खेळ करणाऱ्या माणसासारखं वाटायला लागलं, आणि तसं वाटलं की माझं तोंड सुटतं.

"या पट्टीत अँटिबॉडी असतात," मी म्हणालो. "अँटिबॉडी म्हणजे पहारेकरी समजा. जन्मात एकाच चोराचा चेहरा ओळखतात. दुसरं काही येत नाही त्यांना, सरकारी नोकरीतल्यासारखं. चोर म्हणजे एका जातीचं कीटकनाशक. धान्य स्वच्छ असलं तर पहारेकरी रिकाम्या हातानं चालत चालत या दुसऱ्या रेषेपर्यंत येतात आणि तिथं बसकण मारतात. त्यांच्या अंगाला लाल रंग असतो, त्यामुळं रेष दिसते. पण वाटेत चोर भेटला तर ते त्यालाच धरून राहतात, रेषेवर कोणी थांबत नाही."

"आणि पहिली रेष?"

"ती नेहमी येते. पट्टी जिवंत आहे एवढंच सांगते."

"म्हणजे रेष दिसली तर बरं," आप्पा म्हणाले.

"हो. न दिसलेली वाईट."

"दोन रेषा आल्या की आमच्यात बारसं असतंय," महानंदाकाकू म्हणाल्या आणि बायकांत हशा उसळला. गिरिजासुद्धा पातेल्यावर वाकली. तिचे खांदे हलताहेत का ते मी पाहिलं. हलत नव्हते.

मी पट्टीवर थेंब टाकले. ओल सरकत गेली. पहिली रेष उमटली, ठसठशीत लाल. लोकांनी मान डोलावली.

मग आम्ही थांबलो.

अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मी पहारेकऱ्यांना चालायला वेळ लागतो, त्यांचं वय झालंय असं काहीतरी बोललो. लोक हसले. मी पट्टीकडं पाहत राहिलो. दुसऱ्या रेषेची जागा पांढरी होती. सकाळच्या उन्हात मी पट्टी तिरकी धरून पाहिली, सावलीत धरून पाहिली. पांढरीच.

"आली का?" आप्पांनी विचारलं.

"पट्टी खराब दिसतेय," मी म्हणालो.

मी दुसरी पट्टी काढली. या वेळी महानंदाकाकूंच्या उंड्यांच्या परडीत खाली पसरलेली ज्वारी घेतली, त्यांच्या घरची. दळली, हलवली, थेंब टाकले. दोन रेषा आल्या, कुंकवाची बोटं ओढल्यासारख्या. काकूंनी टाळी वाजवली.

तिसरी पट्टी, पुन्हा आप्पांची ज्वारी. एक रेष.

माझा हात मी घोंगडीवर पालथा ठेवला, म्हणजे पट्टी झाकली गेली. तेवढ्यात मामांचा आवाज आला, "चला, पूजा उरकू. उन्हं चढायलीत." गर्दी कोपीकडं सरकली. मी उठून चुलीजवळ गेलो.

"ही ज्वारी आंबिलीला पण तीच का?" मी गिरिजाला विचारलं.

तिनं डाव बाजूला ठेवला. "का?"

"सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही. सकाळपासून ऐकतेय मी." ती हळू बोलत होती. "तीच. त्याच पोत्यातली. कालच दळून आणली. सांजच्याला शिजवून ताकात घातली."

"कुठनं आलं ते पोतं?"

ती कोपीकडं पाहत होती. आत आप्पा दगडांना हळदकुंकू लावत होते आणि मधेच तोंड पुसत होते.

"पेरून उरलेलं बियाणं होतं," ती म्हणाली. "बाजारातलं नाही. आप्पांनी घरीच वाळवीचं औषध चोळलं होतं त्याला. कोणी चुकून खाऊ नये म्हणून लाल रंग घातला होता. पोतंभर उरलं. मी म्हणाले पुरून टाका. त्यांनी विहिरीवर नेऊन धुतलं. पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धूत बसले होते. मला आणून दाखवलं, बघ, एक दाणा लाल हाय का." ती थांबली. "नव्हता. पांढरी शुभ्र होती. मीसुद्धा बघितली."

"रंग गेला," मी म्हणालो.

"हो."

"औषधाला रंग नव्हता."

तिचा चेहरा पट्टीसारखा होत गेला.

"तुम्ही चाखली का आंबील?"

"मी? पूजेच्या आधी? निवद दाखवायच्या आत कोण तोंड लावतंय? माझा तर उपासच आहे. कोणीच नाही लावलेलं."

हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ विनोद करणार होतो.

कोपीतून घंटेचा आवाज आला. पूजा संपली. लोक पेले घेऊन मडक्याकडं वळले. मडकं कोपीच्या दारात होतं, गुडघ्याएवढं, गळ्याला हरभऱ्याचे डहाळे बांधलेलं. महानंदाकाकूंचा नातू सगळ्यात पुढं, त्याचा पेला त्याच्या डोक्याएवढा.

"आंबील पिऊ नका," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं वळले. मी माझं तोंड गंभीर केलं. माझं तोंड गंभीरच असतं, तीच तर अडचण होती.

"त्यात विष आहे."

महानंदाकाकू हसल्या, आणि त्यांच्यामागं सगळं शेत हसलं. कोणीतरी म्हणालं, "पाहुणा लई बेरकी आहे, सगळी एकट्यालाच प्यायची दिसतीय." मामा हसत हसत माझ्याजवळ आले आणि माझा दंड आवळून दातांतून म्हणाले, "सकाळी काय सांगितलं होतं?"

"मामा, खरंच आहे."

"तुझं खरं आणि खोटं एकाच तोंडानं येतं रे, कसं कळावं माणसाला?"

काकूंनी डावानं पहिला पेला भरायला घेतला.

"थांबा," गिरिजा म्हणाली. मोठ्यानं नाही, पण लग्नाच्या मुलीनं पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं, त्यामुळं सगळे थांबले. "आधी चर शिंपायचाय. पाहुणे शिंपणार आहेत."

पूजा झाली की आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन शेताच्या कडेनं शिंपत फिरतात, अर्ध्या कानडी आरोळ्या देत, ज्यांचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो. हे काम घरच्या पुरुषाचं. होणाऱ्या जावयानं करायचं म्हणजे सोयरीक पक्की. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी माझा दंड सोडला आणि डोळे पुसले.

"बिंदगं घ्या की मग," आप्पा कोपीतून म्हणाले.

"मडकंच घेतो," मी म्हणालो.

मी एका बाजूनं हात घातला. मला ते एकट्याला उचलवलं नसतं. दुसऱ्या बाजूनं गिरिजानं घातला. आम्ही मडकं घेऊन बांधाकडं निघालो, मी पुढं उलट्या पावलांनी, ती माझ्याकडं तोंड करून. मागं लोक पोट धरून हसत होते. मी त्या आरोळ्या दिल्या, जेवढ्या आठवल्या तेवढ्या, आणि आम्ही मडकं कलंडवलं. आंबील काळ्या मातीत गेली. आम्ही चाललो, कलंडवलं, चाललो.

"अगं सगळी नको!" मागून आप्पांचा आवाज आला. "ए, अन्न हाय ते!"

गिरिजानं मागं पाहिलं नाही. "ओता," ती मला म्हणाली. मी मडक्याचा तळ वर केला आणि उरलेलं सगळं हरभऱ्याच्या वाफ्यात गेलं. हसणं थांबलं होतं. शिट्ट्या तर कधीच थांबल्या होत्या.

आप्पा बांधावरून येत होते. रागानं येताहेत असं वाटलं, कारण ते सरळ येत नव्हते. वाफ्यापाशी आल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती सावडायला लागले, आंबिलीनं ओली झालेली माती. गोदामात सांडलेलं धान्य गोळा करताना ते असेच बसत असतील. मग ते पुढं झुकले आणि तसेच राहिले.

मी आणि मामांनी त्यांना उचलून कोपीत नेलं. आत कडब्याचा अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर मला स्वतःला धड दिसत नव्हतं. मी आप्पांची पापणी वर केली. एवढ्या अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी व्हायला हवी होती. ती टाचणीनं टोचल्यासारखी होती.

कंपनीत रुजू झालो तेव्हा आम्हाला एक दिवस शिकवलं होतं. औषध अंगात गेलेला माणूस कसा ओळखायचा. थंडीत घाम. तोंडाला न थांबणारी लाळ. हात थरथरणं. बाहुली टाचणीएवढी. मी ते सगळं वहीत न लिहिता ऐकलं होतं आणि शेजारच्याला म्हणालो होतो, ही तर मुलगी बघायला आलेल्या माणसाची लक्षणं आहेत.

"थर्मास कुठाय?" मी म्हणालो.

थर्मास दगडांच्या मागं ठेवलेला होता, शाल पांघरून. गिरिजानं झाकण काढलं. आतून आंबूस वास आला.

"चहा म्हणाले होते," ती म्हणाली. "मला पहाटे चहाच म्हणाले."

आप्पांनी डोळे उघडले. निवदाच्या आधी देवाची आंबील प्यायल्याचं लेकीला कळलं, याची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी तोंड वळवलं.

"भूक लागली होती ग," ते म्हणाले.

व्हॅनकडं नेताना आम्ही ट्रॉलीजवळून गेलो. रॉकेट तिथंच होतं. त्याचे डोळे उघडे होते आणि एक माशी त्यातल्या एकावर चालत होती.

मामांनी व्हॅन ढेकळांतून तशीच रस्त्यावर काढली. मागच्या सीटवर गिरिजाच्या मांडीवर आप्पांचं डोकं, मी खाली, त्यांचा हात धरून. माझी बॅग शेतातच राहिली होती. रस्ता मोकळा होता. येळवशीला तो मोकळाच असतो, सगळी माणसं शेतात असतात, डॉक्टरसुद्धा. पहिल्या गावातला दवाखाना बंद, दुसऱ्याही गावातला बंद. तिथल्या दारावर हरभऱ्याचा डहाळा अडकवलेला होता.

"लातूर," मामा म्हणाले.

आप्पांच्या छातीत घरघर सुरू झाली होती. मधेच त्यांनी माझा हात दाबला.

"पट्टी," ते म्हणाले. "दुसरी रेष आली होती का नाही?"

"नाही आप्पा."

"म्हणजे तू म्हणलास ते खरं होतं."

"हो."

"चांगलं तोंड ठेवलंस. मला वाटलं थट्टा." त्यांनी श्वास घेतला, तो मधेच अडकला, मग पुढं गेला. "कोणी प्यायलं का?"

"कोणी नाही."

"काकूचा नातू?"

"नाही प्यायला. कोणीच नाही."

"सगळी सांडली?"

"सगळी. मडकं उपडं केलं."

आप्पा व्हॅनच्या टपाकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता ते देवाचं नाव घेतील, किंवा लेकीला माझ्या हवाली करतील.

"मडकंभर," ते म्हणाले. "वाया गेली की रे."

आणि गिरिजा हसायला लागली. दिवसभरात मी जे जे बोललो होतो त्यातल्या कशालाही न हसलेली ती. आधी तोंडावर पदर दाबून, मग पदर सोडून. तिचे खांदे हलत होते, आप्पांचं डोकं तिच्या मांडीवर हलत होतं, मामा आरशातून मागं पाहत होते आणि वेग वाढवत होते. लातूरच्या वेशीपर्यंत ती थांबली नाही.

आप्पा त्याच्या बरेच आधी थांबले होते.